कम्युनिस्टांची शांतता ऑफर आणि पाश्चात्त्य डिप्लोमसी : ग्रीस घ्यायचा की चीन?

एमएच्या डिझर्टेशनसाठी हा विषय घेणाऱ्यांपुढे फिरून फिरून दोनच देश येतात, ग्रीस आणि चीन. दोन्हीकडे यादवीचा निकाल १९४९ मध्येच लागला म्हणून बरेच जण दोघांना एकाच मापाने मोजतात आणि तिथंच फसतात, कारण ग्रीसमध्ये शांतता मागणारे कम्युनिस्ट हरत चालले होते आणि चीनमध्ये जिंकत होते. ऑफर मनापासून होती की चाल होती यावर वाद घालत बसण्यापेक्षा त्या आठवड्यात फौजा कुठं होत्या ते आधी बघा, निम्मा विषय तिथंच उलगडतो.

ग्रीसचं आधी. १२ फेब्रुवारी १९४५ ला सरकार आणि डाव्यांमध्ये वार्किझाचा करार झाला, डाव्या गनिमांनी शस्त्रं खाली ठेवली आणि मग उजव्या टोळ्यांनी त्यांनाच गावोगाव हुडकून मारलं. हे वाचताना आजही पोटात गोळा येतो आणि पुढं कोणी कोणावर विश्वास का ठेवला नाही हेही इथंच कळतं. मार्च १९४७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमननी ग्रीस आणि तुर्कस्तानसाठी मिळून ४० कोटी डॉलर मागितले, त्यानंतर अमेरिका तिथं मध्यस्थ राहिलीच नाही, सरळ एका बाजूची झाली. डोंगरात कम्युनिस्ट बंडखोरांनी थाटलेल्या सरकारने १९४८ मध्ये आणि परत १९४९ मध्ये बोलणी करू म्हटलं, अथेन्सने धुडकावलं. १९४९ च्या वसंतात न्यूयॉर्कमध्ये रशियाच्या ग्रोमिकोंनी अमेरिकन आणि ब्रिटिश प्रतिनिधींकडे विषय काढला, तर ग्रीसच्या पाठीमागे आम्ही काही ठरवणार नाही असं उत्तर मिळालं. जुलैमध्ये शेजारच्या युगोस्लाव्हियाच्या टिटोने सीमा बंद केली, ऑगस्टमध्ये बंडखोरांचा ग्रामोसचा डोंगरी गड पडला, ऑक्टोबरमध्ये युद्ध संपलं.

चीनमध्ये मात्र खरोखरचं टेबल आहे आणि त्या टेबलाशी एक माणूस तुम्हाला सारखा भेटतो, कुओमिंतांगचे, म्हणजे तिथल्या सत्ताधारी राष्ट्रवादी पक्षाचे, जनरल झांग झिझाँग. ऑगस्ट १९४५ मध्ये अमेरिकन राजदूत हर्ली माओला चोंगचिंगला आणायला विमानाने येनानला, म्हणजे कम्युनिस्टांच्या तळावर, गेले तेव्हा हे सोबत होते, फेब्रुवारी १९४६ मध्ये अमेरिकन मध्यस्थ मार्शल आणि कम्युनिस्टांचे चौ एन लाय यांच्याबरोबर सैन्य एकत्रीकरणाच्या करारावर सही करणारेही हेच, आणि एप्रिल १९४९ मध्ये नानकिंग सरकारचं, म्हणजे कुओमिंतांगचं, शिष्टमंडळ घेऊन कम्युनिस्टांच्या ताब्यातल्या पेकिंगला गेले तेही हेच. माओच्या ८ अटी जानेवारीतच आल्या होत्या, पहिलीच अट युद्धगुन्हेगारांना शिक्षा करा अशी, म्हणजे शरणागतीच म्हणा ना. २० एप्रिलपर्यंत सही करा म्हणाले, नानकिंगने नाही केली, त्याच रात्री फौजा यांगत्से ओलांडायला लागल्या आणि २३ ला शहर पडलं. झांग परतलेच नाहीत, सगळं शिष्टमंडळ तिकडंच राहिलं!

यात पाश्चात्त्य कुठं होते? मार्शल वर्षभर झटले आणि जानेवारी १९४७ मध्ये दोन्ही बाजूंना दोष देऊन परत गेले. जानेवारी १९४९ मध्ये नानकिंगने अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि रशियाला मध्यस्थी करा म्हणून विनवलं, चौघांनीही हात वर केले.

म्हणून माझं मत असं की दुसऱ्याच्या यादवीत पाश्चात्त्य सत्ता कशी उतरते हे तुमचं केंद्र असेल तर ग्रीस घ्या, पण वाटाघाटी आतून कशा चालतात आणि कशा मोडतात हे बघायचं असेल तर चीन, आणि मला विचाराल तर चीनच. साधनंही हाताशी आहेत, अमेरिकन परराष्ट्र खात्याची त्या वर्षांची कागदपत्रं ऑनलाइन फुकट मिळतात, शिवाय त्याच खात्याचं चीनवरचं ऑगस्ट १९४९ चं हजारावर पानांचं श्वेतपत्र आहे. आपला धागाही आहे, नानकिंगमध्ये आपले राजदूत पणिक्कर होते आणि भारताने ३० डिसेंबर १९४९ ला कम्युनिस्ट चीनला मान्यता दिली, ब्रिटनच्या आठवडाभर आधी.

सुरुवात कुठून करायची तर नानकिंगमधले अमेरिकन राजदूत लेटन स्टुअर्ट यांच्यापासून करा. जन्म हांगचौचा, येनचिंग विद्यापीठाचे जुने प्रमुख. २५ एप्रिल १९४९ च्या पहाटे ते अंथरुणातच होते आणि लाल सैन्याचे जवान थेट बेडरूममध्ये आले. तरी ते शहर सोडून गेले नाहीत, मे-जूनमध्ये हुआंग हुआ या आपल्याच विद्यापीठातल्या जुन्या विद्यार्थ्याशी, जो आता कम्युनिस्टांचा अधिकारी होता, बोलत राहिले आणि पेकिंगला या असं आमंत्रणही मिळवलं. १ जुलैला वॉशिंग्टनने जाऊ नका म्हणून कळवलं. २ ऑगस्टला त्यांचं विमान उडालं.