मिस्प: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सायबर हल्ल्यांच्या खुणा (इंडिकेटर) साठवण्याचं आणि इतर संस्थांशी वाटून घेण्याचं हे मुक्त सॉफ्टवेअर. २०११ मध्ये बेल्जियमच्या संरक्षण खात्यात सुरू झालं. आता लक्झेंबर्गचं सर्कल हे सायबर घटना हाताळणारं पथक ते सांभाळतं. डॉकरवर (सॉफ्टवेअर तयार पेटीत चालवण्याची सोय) उभारणी सोपी आहे. मूळ पासवर्ड तेवढा लगेच बदला.

खरी कसोटी फीडची, म्हणजे बाहेरून सतत येणाऱ्या इंडिकेटरच्या याद्यांची. सगळे फीड एकदम चालू केले की सीममध्ये (सगळ्या यंत्रणांच्या नोंदी एकत्र तपासून इशारे देणारं सॉफ्टवेअर) ॲलर्टचा पूर येतो आणि आठवड्याभरात त्यांच्याकडे कुणी बघेनासं होतं. सुरुवातीला यूआरएलहाउस (घातक लिंकांची यादी) आणि सर्कलचा ओसिंट फीड (खुल्या स्रोतांतली माहिती) पुरे. त्याआधी वॉर्निंगलिस्ट अपडेट करून चालू करा. त्या आपोआप चालू होत नाहीत, आणि ८.८.८.८ (गूगलचा डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून आयपी शोधणारी सेवा) सारखे निरुपद्रवी पत्ते त्याच ओळखतात. एपीआयवरून, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामने थेट, माहिती खेचताना ‘एन्फोर्स वॉर्निंगलिस्ट’ हा पर्याय वेगळा द्यावा लागतो. तो राहिला तर गूगलचा डीएनएस थेट फायरवॉलच्या ब्लॉकलिस्टमध्ये जाऊ शकतो. सोबत ‘टू-आयडीएस’ची (आपोआप शोधासाठी योग्य अशी) खूण असलेलेच इंडिकेटर मागवा, बाकीचे फक्त संदर्भासाठी असतात.

आणखी एक खाच: ‘लास्ट ७ दिवस’ हा कालावधी इव्हेंट (एका घटनेच्या इंडिकेटरचा संच) प्रकाशित झाल्यापासून मोजला जातो. जुना इव्हेंट कुणी पुन्हा प्रकाशित केला की त्यातले शिळे आयपीही परत येतात. क्लाउडवरचा आयपी आज हल्लेखोराकडे, तर महिन्याभराने एखाद्या दुकानाच्या वेबसाइटकडे असतो. म्हणून आयपीला कमी आयुष्याचं डिके मॉडेल (काळानुसार इंडिकेटरचं वजन घटवणारं गणित) लावा. फाइलचा हॅश (तिच्या मजकुरावरून काढलेली ओळख) जुना झाला तरी खोटा ठरत नाही, पण हल्लेखोर तो क्षणात बदलतो, त्यामुळे निव्वळ हॅशवर विसंबू नका.

सर्वांत आवडलेली सोय म्हणजे साइटिंग. ‘आमच्याकडे दिसलं’ किंवा ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ अशी नोंद संस्थेच्या नावासह राहते. रात्रपाळीत चुकीचा इंडिकेटर शोधून काढणाऱ्या विश्लेषकाचं काम एरवी कुणाला दिसत नाही. इथे त्याचा पुरावा राहतो. प्रमुखांनी दर महिन्याच्या आढाव्यात या नोंदी वाचून त्या माणसांचं नाव घ्यावंच.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांमुळे भारतात १८० दिवसांचे लॉग (यंत्रणांच्या नोंदी) ठेवावेच लागतात. नवा इंडिकेटर आला की तो या जुन्या लॉगमध्येही शोधा. घुसखोरी बहुधा आधीच झालेली असते.

रोज तासभर देणारा माणूस नसेल तर मिस्प बसवू नका, एखादा चांगला फीड थेट सीमला जोडा.