हापूसच्या आढीत चार महिने ई-नोज वापरून बघितलं, त्याचा अनुभव

जानेवारीत घेतलं, आता जून लागलाय, म्हणजे आंब्याचा आख्खा सीझन हे ई-नोज, वासावरून फळ किती पिकलंय ते सांगणारं मशीन, आमच्या पावसच्या बागेत रोज वापरात होतं. घ्यायच्या आधी मी बरंच शोधलं पण मराठीत कोणी वापरून लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. कंपनीचं नाव देत नाही.

हातात मावेल एवढा डबा, आत टिन ऑक्साइडचे चार सेन्सर आणि एक छोटा पंप. सेन्सर आतून तापलेले असतात, आंब्याचा वास त्यांच्यावर आला की रेझिस्टन्स बदलतो आणि चौघांचा बदल मिळून एक पॅटर्न होतो. तो पॅटर्न तुम्ही शिकवायचा असतो, हे आधी समजून घ्या. कंपनीचं तयार सेटिंग आमच्या हापूसला चाललंच नाही, हिरव्या कडक फळाला पिकलं म्हणून सांगत होतं. मग तीन आठवडे आम्ही चौदा आण्याचे, म्हणजे झाडावर जवळजवळ पूर्ण तयार झालेले आंबे आढीत घातल्यापासून रोज सकाळी रीडिंग घेतलं आणि रोज दोन फळं कापून आतला रंग, गोडी वहीत लिहिली, तेव्हा कुठे ते भरवशाचं झालं.

एकेका आंब्याला नळी लावून काही हाती लागत नाही, जरा वारा आला की आकडा हलतो. आईने लाडवांचा स्टीलचा डबा दिला, त्याच्या झाकणाला भोक पाडून नळी बसवली, आत सहा आंबे, वीस मिनिटं झाकण बंद, मग पंप चालू. मशीन आधी अर्धा तास गरम होऊ द्यायचं आणि दोन रीडिंगच्या मधे त्याला अंगणातली मोकळी हवा द्यायची. हे केल्यावर आकडे सुतासारखे सरळ आले.

खरा फायदा झाला तो जास्त पिकलेलं फळ पकडायला. आंबा जास्त पिकून उतरायला लागला की आत अल्कोहोल तयार व्हायला लागतं आणि या सेन्सरना अल्कोहोल फार पटकन कळतं. एप्रिलमधे एका आढीत नळी खोचली तर आकडा आदल्या दिवसाच्या दुप्पट. बाबांनी वरून हात फिरवला, वास घेतला, म्हणाले ठीक आहे. पेंढा बाजूला करत गेलो तर पार खालच्या थरात, भिंतीच्या बाजूला, तीन आंबे देठाशी काळे पडलेले आणि पाणी सुटलेलं, खालचा पेंढा ओला. अजून एक दिवस तसेच राहिले असते तर आजूबाजूचे पंधरा-वीस तरी गेले असते. बाबांचं नाक सकाळी पहिल्या दहा पेट्यांना मशीनपेक्षा सरस आहे हे मी मान्य करतो, देठाशी वास घेऊन ते उद्याचा आंबा कुठला आणि परवाचा कुठला हे सांगतात, पण दुपारपर्यंत सगळीकडे आंब्याचाच वास भरतो आणि नाक बसतं. तिथे मशीन कामाला येतं.

साका मात्र याला कळत नाही. रीडिंग एकदम छान आणि कापल्यावर आत पांढरा गर, असं पाच-सहा वेळा झालं, त्यामुळे त्या आशेने कोणी घेऊ नका. मेमधे वळवाचा पाऊस पडला की हवेतल्या दमटपणाने सगळे आकडे वर जातात, तेव्हा मोकळ्या हवेचं रीडिंग दर तासाला घ्यावं लागलं. फिनेलने लादी पुसली तर दोन तास विसरा. केसरला वेगळं शिकवावं लागतं, हापूसचं सेटिंग चालत नाही.

घरापुरत्या चार-पाच पेट्या पिकवणाऱ्याने पैसे घालू नयेत, नाक पुरे आहे. आमच्यासारख्या एका वेळी सात-आठ आढ्या लागत असतील तर नक्की घ्या. आणि डबा नवीन घ्या, आमच्या डब्याचा तुपाचा वास जाईपर्यंत चार दिवस रीडिंग चुकत होतं, शेवटी राखेने घासून उन्हात ठेवला तेव्हा जागेवर आलं.