टी४ विषाणूचं मॉडेल : शाळेत हवंच, पण तळपट्टी सुधारा

जीवाणूंवर हल्ला करणाऱ्या टी४ विषाणूचं हे थ्री-डी प्रिंट मॉडेल नागपूरच्या एका छोट्या वर्कशॉपकडून शाळेसाठी मागवलं. किंमत १,४०० रुपये. दारव्ह्यापर्यंत एसटी पार्सलने नीट आलं.

याची खरी ताकद मापात आहे. डोकं १२ सेंटीमीटर उंच, साडेआठ रुंद. म्हणजे खऱ्या विषाणूच्या दहा लाख पट. हे एकदा ध्यानात आलं की वर्गात काय काय करता येतं! याच मापाने ई. कोलाय जीवाणू सुमारे दोन मीटरचा होतो, तो पोरांनी पटांगणात चुन्याने आखला. आणि डोक्यातला डीएनए? जवळपास ५७ मीटर. सुतळी सोडत सोडत पोरं फाटकाबाहेर, पार कपाशीच्या धुऱ्यापर्यंत गेली. एवढी सुतळी या डोक्यात कोंबायची म्हटल्यावर आत केवढा दाब असेल, हे मला सांगावंच लागलं नाही.

शेपटीचं बाहेरचं आवरण वर सरकतं आणि आतली नळी खाली निघते. "मॅडम, हे तर गुरांच्या डॉक्टरचं इंजेक्शन," एक मुलगी म्हणाली. पण तिथे दट्ट्या दाबावा लागतो; इथे आवरण स्वतःच आखडतं आणि नळीला जीवाणूच्या बाहेरच्या पडद्यातून आत घुसवतं. हाताने सरकवून पाहिलं तेव्हा तिला ते पटलं. फक्त एक, खरं आवरण निम्म्याहूनही आखूड होतं. या मापात सव्वानऊचं सव्वाचार व्हायला हवं, ते सहावरच अडतं.

शेपटीच्या खालच्या टोकाला असलेल्या तळपट्टीचं मात्र मनापासून वाईट वाटलं. विषाणूचे पायांसारखे लांब तंतू जीवाणूवर टेकले की षटकोनी तळपट्टी उमलून चांदणीच्या आकाराची होते, आणि तिथूनच आवरण आखडायला सुरुवात होते. २०१६ मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने (नमुना गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत) तिच्या दोन्ही अवस्थांची रचना उलगडली आहे. इथे ती नुसती घट्ट चकती आहे. पक्की पकड घेणारे खालचे सहा आखूड तंतू तर नाहीतच! निदान दोन वेगळ्या तळपट्ट्या द्या, आम्ही बदलून लावू, असं वर्कशॉपला कळवलं आहे.

लांब तंतू मधोमध बरोबर वाकलेले आहेत, पण बारीक आहेत. पोरांच्या हातात मोडतील. ऑर्डर देतानाच जादा तंतू मागून घ्या, ते देतात.