आंतरराष्ट्रीय मान्यतेच्या नावाखाली आमच्या ट्रेनिंग सेंटरची झालेली फसवणूक

गेले आठ महिने हे लिहायचं टाळत होतो. लाज वाटत होती, हेच खरं कारण. पण मागच्या आठवड्यात आमच्यासारखंच सेंटर चालवणाऱ्या एकाचा फोन आला. त्याला आलेलं पत्र त्याने मला वाचून दाखवलं. आम्हाला आलेल्या पत्रासारखंच, शब्दन् शब्द तेच होतं. आता मी गप्प बसलो तर आम्हाला फसवणाऱ्या मध्यस्थाचं फावणार.

मी सतरा वर्षं तेलविहिरी खोदणाऱ्या रिगवर काढली, शेवटची सहा ड्रिलर म्हणून, म्हणजे खोदकामाचं यंत्र चालवणारा. मग दोन जुन्या सहकाऱ्यांबरोबर तेल-वायू क्षेत्रातल्या कामगारांसाठी ट्रेनिंग सेंटर सुरू केलं. रिगिंग म्हणजे अवजड सामान बांधून उचलणं, आग विझवणं, हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूपासून बचाव, पाण्यात जीव वाचवणं असं सगळं आम्ही शिकवायचो. शिकवण्यात कसूर नव्हती, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. अडचण एकच होती, आमचं प्रमाणपत्र देशाबाहेर चालत नव्हतं. बाहेरच्या ऑफशोअर, म्हणजे समुद्रातल्या कामासाठी मुलांकडे ऑपिटो या ट्रेनिंगची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकाप्रमाणे केलेला बोसिएट हा सुरक्षिततेचा पायाभूत कोर्स मागतात, ड्रिलर आणि सुपरवायझरकडे आयडब्ल्यूसीएफ किंवा आयएडीसी या आंतरराष्ट्रीय संस्थांचं वेल कंट्रोलचं, म्हणजे विहिरीतला दाब काबूत ठेवण्याचं प्रमाणपत्र. म्हणजे मुलं आमच्याकडे शिकायची आणि नोकरी लागायची वेळ आली की दुसरीकडे पुन्हा पैसे भरून तेच शिकायची. हे मला फार लागायचं.

नेमकं हेच दुखणं त्या मध्यस्थाने ओळखलं. "सर, तुमचं ट्रेनिंग उत्तम आहे. फक्त कागद कमी पडतोय," पहिल्याच भेटीत तो म्हणाला. त्याची परदेशात नोंदवलेली एक कंपनी होती. ती आम्हाला आंतरराष्ट्रीय संलग्नता मिळवून देणार होती, वर तीन देशांत आमच्या नावाने शाखा काढायचे एकट्याचे हक्क देणार होती. सोबत तिथल्या एका मोठ्या कंत्राटदाराचं पत्र होतं, दर वर्षी अमुक इतके कामगार तुमच्याकडे पाठवू, अशा मजकुराचं. आम्ही तीन हप्त्यांत पैसे भरले. तिसरा हप्ता कंपनीच्या खात्यात नव्हे, भलत्याच एका माणसाच्या खात्यात भरायला लावला. "ऑडिटरची फी आहे, थेट त्यांनाच जाऊ दे," असं कारण दिलं. तेव्हाच थांबायला हवं होतं.

त्याआधीही थांबायची एक जागा होती, आणि ती मला जास्त टोचते. समुद्रातल्या रिगवर माणसं हेलिकॉप्टरने जातात. हेलिकॉप्टर पाण्यात उतरलं की बहुतेक वेळा उलटं होतं, कारण इंजिन आणि गिअरबॉक्सचं वजन वरच्या बाजूला असतं. म्हणून ह्युएटमध्ये, म्हणजे बुडालेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडायच्या ट्रेनिंगमध्ये, माणसाला खोट्या केबिनमध्ये पट्ट्याने बांधून हौदात उतरवतात आणि केबिन उलटी फिरवतात. एक हात खिडकीच्या चौकटीवर घट्ट ठेवायचा. नाकात पाणी जातं, वर-खाली कळेनासं होतं, तरी पट्टा सोडायची घाई करायची नाही. केबिन फिरायची थांबली की आधी खिडकी ढकलायची, मग पट्टा सोडायचा. पट्टा आधी सोडला तर शरीर तरंगतं आणि अंधारात खिडकी कुठल्या बाजूला आहे तेच कळत नाही. आमच्या केबिनची फिरवायची यंत्रणा तेव्हा अडकत होती. दुरुस्तीला वेळ लागेल, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "जुना व्हिडिओ आहे ना? पाठवून द्या, ऑडिट झालंच समजा."

बॅच मी दुरुस्ती झाल्यावरच घेतली, पण व्हिडिओ पाठवला. खरं ऑडिट असं होत नाही. खरे ऑडिटर दारात येऊन उभे राहतात, प्रशिक्षकांची पात्रता बघतात, उपकरणांच्या तपासणीच्या नोंदी चाळतात. 6 जुलै 1988 ला उत्तर समुद्रात पायपर अल्फा हा तेल काढणारा प्लॅटफॉर्म जळाला आणि 167 माणसं गेली. त्यानंतर लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालाने 106 शिफारशी केल्या. या क्षेत्रातली आजची शिस्त त्या मरणांतून आली आहे. मी हे दर बॅचला पहिल्या दिवशी सांगत आलो. मलाच ते आठवायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट, कारण यात बरेच जण अडकतात. त्याने आम्हाला आयएसओ 9001 चं प्रमाणपत्र काढायला लावलं आणि "आता तुम्ही आंतरराष्ट्रीय झालात" असं सांगितलं. आयएसओ स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही, ते काम बाहेरच्या संस्था करतात. शिवाय 9001 कामकाजाच्या पद्धतीबद्दल आहे. बुडत्या केबिनमधून माणूस बाहेर येऊ शकतो की नाही, याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

मग आमची प्रमाणपत्रं छापून आली. जाड कागद, चकचकीत होलोग्राम, कोपऱ्यात क्यूआर कोड. कोड स्कॅन केला की मुलाचं नाव आणि शेजारी हिरवी खूण यायची. आम्ही खूश. ते पान त्या मध्यस्थाच्याच वेबसाइटवर होतं, हे कुणी बघितलंच नाही. पत्ता खऱ्या संस्थेच्या पत्त्यासारखाच, मधे फक्त एक आडवी रेघ जास्त.

तीन बॅचमध्ये एक्केचाळीस मुलं शिकली. त्यातल्या एका रिगरचा पहाटे हेलिपोर्टवरून फोन आला. त्याचं वजन झालं होतं, बॅगेला चिठ्ठी लागली होती. "सर, प्रमाणपत्राचा नंबर सापडत नाही म्हणतायत. तीनदा टाकून बघितला." मागे दुसऱ्यांची नावं पुकारली जात होती. मी त्याला कोड स्कॅन करून दाखवायला सांगितलं. तो म्हणाला, "दाखवला सर. ते म्हणाले, आम्ही कोड बघत नाही, रजिस्टर बघतो." त्याला परत पाठवलं. घरच्यांनी कर्ज काढून त्याला पाठवलं होतं.

मध्यस्थाचा फोन दोन दिवस लागत होता, मग बंद झाला. वेबसाइटही गेली. कंत्राटदाराला आम्ही त्यांच्या जाहीर पत्त्यावर विचारलं, तेव्हा ते पत्र त्यांचं नव्हतंच असं कळलं. तक्रार दिली आहे, पैसे परत मिळतील असं वाटत नाही.

आता कुणी संलग्नता देऊ केली की मी त्याच्या कागदावरचा नंबर किंवा लिंक वापरत नाही. मान्यता देणाऱ्या मूळ संस्थेची साइट स्वतः शोधतो, मान्यताप्राप्त सेंटरच्या यादीत त्याचं नाव बघतो आणि तिथल्याच पत्त्यावर लेखी विचारतो. वेल कंट्रोलबद्दल कुणी "परीक्षा आणि निकाल दोन्ही आमच्याकडेच" म्हणाला तर तिथेच बोलणं संपवतो. शिकवणाराच आपल्या मुलांचा निकाल ठरवत असेल तर त्या परीक्षेला काय अर्थ राहिला?

तीस मुलांना गाठून सगळं सांगितलं, फी परत करतोय, ज्यांना जमेल त्यांना मान्यताप्राप्त सेंटरमध्ये पुन्हा कोर्स करवून देतोय. अकरा जणांचे फोन अजून लागत नाहीत. त्यातलं कुणी हे वाचत असेल तर त्या कागदाच्या भरवशावर कुठल्याही रिगवर चढू नका, आधी सेंटरवर या.