बर्डीवरून आणलेला क्रिम्पिंगचा संच

वरच्या मजल्यावरील खोलीत वायफाय पोहोचत नसल्याने मी नेटवर्क केबल घरीच तयार करायचे ठरवले आणि नागपुरातील बर्डीवरील (सीताबर्डी) एका दुकानातून क्रिम्पिंग टूल (तारांवर कनेक्टर दाबून बसवणारी पकड), प्रत्येक तार जोडली गेली का ते दिव्यांनी दाखवणारा टेस्टर व केबलच्या टोकांना बसवायचे कनेक्टर असा संच आणि सोबत कॅट ६ प्रकारची नेटवर्क केबल आणली. टूलची पकड भक्कम असून कनेक्टरच्या आठही पिना एकाच दाबात बसतात. मात्र वरचे आवरण काढण्याचे पाते इतके खोल जाते की पहिल्याच प्रयत्नात आतील नारिंगी तारेचे प्लास्टिक कापले जाऊन तांबे उघडे पडले. (खरवडूनही ते आतून ॲल्युमिनियमसारखे पांढरे निघाले नाही, म्हणजे नुसता तांब्याचा मुलामा नसून तांबे अस्सल आहे, एवढे समाधान मात्र मिळाले.) पात्याने हलकी रेघ ओढून उरलेले आवरण हाताने वाकवून तोडणे, हाच त्यावर उपाय.

तारा पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी या क्रमाने लावाव्या लागतात आणि जोड्यांचा पीळ कनेक्टरपाशी अर्ध्या इंचाहून अधिक उलगडायचा नसतो. माहितीपत्रकात यातील एक अक्षरही नाही.

टेस्टर स्वस्तातला असला तरी कामाचा निघाला. त्याचा सातवा दिवा लागेना, तेव्हा पांढरी-तपकिरी तार आखूड राहिल्याचे कळले. एरवी ती केबल बहुधा १०० एमबीपीएसच्या कमी वेगावर मुकाट चालत राहिली असती आणि मी राउटरलाच दोष दिला असता. दाबलेला कनेक्टर पुन्हा वापरता येत नसल्याने संचातील दहा कनेक्टर नवशिक्याला अपुरेच पडतात.