आधी कोसला का बनगरवाडी? आणि मधेच रणांगण

मावसभावाने मागच्या महिन्यात विचारलं, दादा बारावीनंतर मराठी पुस्तक हातात धरलेलं नाही, एकच कादंबरी सांग, कोसला घेऊ ना, सगळे तेच सांगतात. हो म्हणणार होतो पण मग वाटलं आपण तरी कधी वाचलीय, कॉलेजात असताना, म्हणजे वीस वर्षं होत आली. म्हणून कपाटातनं कोसला, बनगरवाडी आणि रणांगण तिन्ही काढल्या आणि पाठोपाठ वाचल्या.

कोसला 1963ची, लेखक भालचंद्र नेमाडे तेव्हा पंचविशीतले. पांडुरंग सांगवीकर खानदेशातनं पुण्याला शिकायला येतो, होस्टेल, मेस, गॅदरिंग, वडलांचे पैसे उडवणं, नापास होणं आणि परत गाव. गोष्ट म्हणाल तर एवढीच. खरी मजा त्याच्या बोलण्यात आहे, ते जिथेतिथे उदाहरणार्थ आणि वगैरे. तेव्हा माझ्या तोंडात ते असं बसलेलं की आई वैतागायची, भाजी उदाहरणार्थ खारट आहे वगैरे. ह्या वेळी मात्र पहिल्या पन्नासेक पानांत दोनदा फोन उचलला, खोटं कशाला बोलू. मग धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने मरते आणि इतका वेळ सगळ्या जगाची टिंगल करत आलेला हा माणूस एकदम उघडा पडतो. तिथे मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. पण गंमत अशी की ते लागायला आधीची टिंगल पूर्ण सोसलेली हवी, थेट ती पानं काढून वाचलीत तर काही होणार नाही. माझी कॉपी तीनशे पानांच्या पुढे जाते, आणि सवय मोडलेला माणूस साठाव्या पानावर थांबला तर त्याच्या हाती फक्त एक आगाऊ कॉलेजकुमार लागतो.

बनगरवाडी उलटी. व्यंकटेश माडगूळकरांची, 1955ची, दीडशे पानांच्या आत. औंध संस्थानातल्या, माणदेशातल्या एका धनगरवाडीवर पोरगेलासा मास्तर येतो, शाळा आहे पण पोरं नाहीत, कारण पोरं शाळेत बसली तर मेंढरांमागे कोण जाणार. हा प्रश्न कुणी भाषण करून मांडत नाही, वाडीतली माणसं एकेक करून येतात आणि आपलं आपलं सांगून जातात, कारभारी, आयबू, आनंदा रामोशी. मास्तर हळूहळू त्यांचा अर्जनवीस, सावकार, पंच सगळंच होऊन बसतो. आणि शेकू. त्याच्याकडे एकच बैल, तर जोडीला दुसऱ्या बाजूने बायको स्वतः औताला लागते. माडगूळकर तिथे हळहळत नाहीत, वा रे बाई असंही म्हणत नाहीत, रान दाखवतात, औत दाखवतात आणि पुढे जातात. मी ते पान तीनदा वाचलं, कुठला शब्द जास्तीचा आहे शोधत, सापडला नाही. नंतर दुष्काळ पडतो, त्याबद्दल इथे काही लिहीत नाही. बोली थोडी अडते, पण दहा पानांत कान तयार होतो. अमोल पालेकरांचा सिनेमाही आहे, तो नंतर बघा, आधी बघितलात तर माणसांचे चेहरे ठरून जातात.

रणांगण सगळ्यात छोटी आणि सगळ्यात वेगात जाणारी. विश्राम बेडेकरांची, 1939ची, म्हणजे महायुद्ध सुरू झालं त्याच वर्षाची. युरोपातनं परतणारा चक्रधर आणि हिटलरच्या जर्मनीतनं पळालेली ज्यू मुलगी हॅर्टा, बोट मुंबईला लागेपर्यंतच काय ते. एका रात्रीत संपते, पण चक्रधरचा मला जाम राग येतो, दर वेळी. प्रेमकथा म्हणून कुणाला गिफ्ट वगैरे देऊ नका.

तर वाचनाची सवय असेल आणि भाषेची खोडी चालत असेल तर कोसला घ्या, प्रवासात एका बैठकीत काहीतरी हवं असेल तर रणांगण. बऱ्याच वर्षांनी परत सुरू करताय तर माझं मत बनगरवाडी, आणि ती सोपी म्हणून नाही बरं का, ती पहिल्या पानापासून द्यायला लागते म्हणून. कोसला आधी उधारी मागते.

भावाला बनगरवाडीच दिली. चार दिवसांत परत आणली आणि जाताना कोसला उचलून घेऊन गेला, पेन्सिलने रेघा मारलेली माझी कॉलेजातली कॉपी. अजून विचारलं नाहीये कितव्या पानावर आहे.