तयार फर्स्ट एड किट घ्यावं की स्वतः जुळवावं?

किट हवं, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत असतं. गाडी अडते ती त्याच्या पुढे. सगळं भरून आलेला तयार पाऊच घ्यावा, की मेडिकलमधून एकेक वस्तू आणून आपला आपण जुळवावा? मी आधी तयार किट वापरलं, नंतर स्वतःचं जुळवलं. दोन्हींबद्दल बरं-वाईट बोलण्याइतका अनुभव गाठीशी आहे. तो डॉक्टरचा नाही, घरात आणि प्रवासात वेळ पडली की पट्टी बांधणाऱ्या माणसाचा आहे, हे लक्षात ठेवून वाचावं.

तयार किटचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे ते घरात असतं. ऐकायला विनोदी वाटेल, पण स्वतः जुळवायचं किट बऱ्याच लोकांच्या डोक्यात वर्षानुवर्षं तयार असतं आणि कपाटात मात्र एक अर्धवट वापरलेलं मलम तेवढं सापडतं. तयार किटच्या बाबतीत हा प्रश्नच येत नाही. शिवाय आपल्याला एरवी सुचल्या नसत्या अशा वस्तू त्यात असतात: त्रिकोणी बँडेज, हातमोजे, काटा काढायचा चिमटा, तोंडाने श्वास देताना मध्ये धरायचा पडदा. हात झोळीत घ्यायला त्रिकोणी बँडेजइतकी सोयीची दुसरी वस्तू नाही, आणि मेडिकलमध्ये यादी घेऊन गेलेला माणूस नेमका तेच विसरतो.

ही कल्पनाही जुनी आणि चांगली आहे. जॉन्सन अँड जॉन्सनने १८८८ मध्ये पहिल्या तयार पेट्या बाजारात आणल्या त्या रेल्वेवर काम करणाऱ्यांसाठी. माणसं दवाखान्यापासून लांब, जखमा बहुतेक ठरलेल्या, त्यामुळे पेटीत काय भरायचं हे भरणाऱ्याला ठाऊक होतं. आजही काही पेट्या अशाच विचाराने भरल्या जातात. जर्मनीत गाडीतल्या पेटीसाठी डिन १३१६४ हे मानक आहे, अमेरिकेत कामाच्या जागेसाठी एएनएसआय या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं झेड ३०८.१. पेटीवर असं मानक छापलेलं असेल, तर आत काय आणि किती हे कुणीतरी विचार करून ठरवलंय असं समजायला हरकत नाही. मानकाचं नाव नाही आणि नुसताच मोठा आकडा छापलाय, शंभर नग किंवा दोनशे नग, तर मी तरी सावध होतो. त्या आकड्यातला मोठा भाग बोटाला लावायच्या छोट्या पट्ट्या, अल्कोहोलचे वाइप्स आणि सेफ्टी पिना यांनी भरलेला असतो. सेफ्टी पिनही एक नगच.

एवढ्यावर मी तयार किट सोडलं नसतं. पट्ट्या जास्त आल्या तर आल्या, त्या वापरात जातातच. मला नको झालं ते वेगळ्याच कारणाने.

घरातल्या एकाची पोटरी फुटलेल्या काचेने कापली. जखम जिवावरची नव्हती, पण रक्त चांगलंच येत होतं. अशा वेळी करायचं ते एकच, जखमेवर दाबून धरायचं आणि दाब सोडायचा नाही. म्हणजे माझा एक हात तिथे अडकला. उरलेल्या एका हाताने किट उघडायचं होतं. पाऊचला तिन्ही बाजूंनी गोल फिरणारी चेन, आणि दुसऱ्या हाताने पाऊच धरल्याशिवाय ती चेन सरकेना. गुडघ्याखाली धरून कशीबशी ओढली. आत सगळ्या वस्तू इलॅस्टिकच्या पट्ट्यांत घट्ट खोचलेल्या. वरच्या जाळीत काय, तर छोट्या पट्ट्यांचा गठ्ठा आणि सूचनांची पत्रिका. गॉज, म्हणजे जखमेवर ठेवायचं जाळीदार कापड, सगळ्यात खाली, त्यातही प्रत्येक तुकडा वेगळ्या पाकिटात आणि ती पाकिटं मिळून आणखी एका सीलबंद प्लॅस्टिकच्या पिशवीत. ओल्या बोटांनी ती पिशवी फाटेना. शेवटी दातांनी फाडली. हाती आला तो गॉज पाच सेंटिमीटरचा चौकोन, पोटरीवरच्या जखमेच्या निम्म्या लांबीचाही नाही. तोवर हातातला घडी केलेला रुमालच काम करत होता, आणि शेवटपर्यंत त्यानेच केलं.

नंतर शांतपणे तो पाऊच पुन्हा उघडून पाहिला. मांडणी सुंदर होती. टेबलावर ठेवून दोन्ही हातांनी पुस्तकासारखा उघडला तर प्रत्येक वस्तू आपापल्या जागी रांगेत दिसते, फोटोही छान येतो. पण प्रथमोपचाराची वेळ येते तेव्हा एक हात जवळजवळ नेहमीच कुठेतरी गुंतलेला असतो. जखम दाबत असतो, लहान मुलाला धरून असतो, नाहीतर आपल्या स्वतःच्याच हाताला लागलेलं असतं. हे एकदा लक्षात आल्यावर मला बाकी तुलना दुय्यम वाटू लागली. किटमध्ये काय आहे याआधी ते एका हाताने निघतं का, हे मी पाहतो. तयार किटमध्ये याचा विचार केलेला मला क्वचितच दिसला. असं किट असेलही, माझ्या हाती आलं नाही.

त्यात भर म्हणजे परत भरण्याचा त्रास. वापरलेल्या वस्तूंच्या जागी बाजारातून आणलेला क्रेप बँडेज त्या बारक्या इलॅस्टिकमध्ये बसत नाही. बसवलाच तर चेन लागत नाही. मग नव्या वस्तू पाऊचशेजारी सुट्या राहतात आणि पाऊच आतून रिकामा होत जातो.

स्वतः जुळवलेल्या किटमध्ये मला आवडलेली गोष्ट म्हणजे क्रम आपला आपण ठरवता येतो. माझ्याकडे रुंद तोंडाचा एक साधा पाऊच आहे. चेनच्या टोकाला जाड दोरीचा फास बांधलाय. मागे एक कडी आहे, ती कशालाही अडकवली की पाऊच हलत नाही. उघडला की हात पडतो ती सगळ्यात वरची जागा रक्तासाठी राखलेली: नायट्राइलचे हातमोजे, दहा सेंटिमीटरचे जाड गॉज, दहा सेंटिमीटर रुंदीचा क्रेप बँडेज. हातमोजे लॅटेक्सचे घेतले नाहीत, कारण त्याची काहींना ॲलर्जी असते. त्याखाली खरचटणं, भाजणं आणि मुरगळणं यांचं सामान. खरचटलेल्या जागेसाठी मी आता पॅराफिन गॉज ठेवतो. साधा गॉज जखमेला चिकटतो आणि काढताना खपली घेऊन येतो, त्यामुळे पट्टी बदलायच्या वेळी रडारड होते. कागदी टेप ओल्या किंवा घामेजल्या त्वचेवर टिकत नाही, म्हणून कापडी टेप ठेवतो. तो हाताने फाटतो, त्यामुळे कात्री शोधावी लागत नाही. तयार किटमधल्या कात्रीबद्दल न बोललेलंच बरं. कपडा कापायची वेळ आली तर ती नुसता चावा घेते.

काही वस्तू मी मुद्दाम घेतल्या नाहीत. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघून समाधान वाटतं, पण त्याने जखमेतल्या चांगल्या पेशींनाही इजा होते. जखम धुवायला वाहतं स्वच्छ पाणी पुरतं. अल्कोहोलचे वाइप्स उघड्या जखमेत फिरवण्यासाठी नसतातच, ते चिमट्यासाठी आणि जखमेच्या आजूबाजूच्या त्वचेसाठी ठेवले आहेत. भाजल्यावर लावायच्या जेलची पाकिटंही नाहीत. वीस मिनिटं नळाखाली धरणं हाच उपाय आहे, बर्फ नको, आणि नंतर झाकायला स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिक फिल्म सैल अंथरली की झालं. ट्रेकिंगसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही तयार किटमध्ये साप चावल्यावर विष ओढायचा पंप असतो. तो असेल तर काढून टाकावा असं मी स्पष्ट सांगेन. त्याने विष निघत नाही आणि वेळ जातो. चावलेला अवयव हलू न देता दवाखाना गाठणं हेच खरं काम. त्याच किटमधला रबरी पट्टा टुर्निके (जोराचं रक्त थांबवायला हातापायाला आवळून बांधायचं साधन) म्हणून खपवलेला असतो, त्याच्यावरही माझा विश्वास नाही. खरा टुर्निके हवा असेल तर वेगळा घ्यावा, वापरायचा कसा ते आधी कुणाकडून तरी शिकावं, आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवायला त्याच कप्प्यात एक मार्कर ठेवावा.

औषधांच्या बाबतीत दोन्ही किटांची तुलनाच होत नाही, कारण घरातली माणसं कोण आहेत हे तयार किटला माहीत नसतं. दम्याचा पंप, ॲलर्जीसाठी डॉक्टरांनी दिलेलं ॲड्रेनलिनचं पेन, मधुमेह असलेल्यासाठी ग्लुकोज, लहान मुलासाठी वजनाप्रमाणे मोजून द्यायचं पॅरासिटामॉल सिरप, हे ज्याचं त्यालाच भरावं लागतं. घरात कुणी रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल तर गॉज दुप्पट ठेवावा. ॲस्पिरिन मी ठेवतो, छातीत दुखू लागलं आणि फोनवरून सल्ला देणाऱ्याने घ्यायला सांगितलं तर चावून खायला. पण ती मुलांना द्यायची नाही, हे पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय. मुलांना त्यातून राय सिंड्रोम हा यकृताचा आणि मेंदूचा गंभीर आजार होण्याचा धोका असतो. ओआरएस घेताना पाकीट किती पाण्यासाठी आहे ते पाहावं. एक लिटरचंही मिळतं आणि एका पेल्याचंही, आणि दोन्ही मिसळून ठेवली की घाईत गोंधळ ठरलेला. सोबत एक कार्ड: नाव, ॲलर्जी, चालू औषधं, घरच्यांचा नंबर.

आता दुसरी बाजू, कारण जुळवलेल्या किटचे त्रासही कमी नाहीत. पहिला म्हणजे उचलेगिरी. सीलबंद किटला घरचे हात लावत नाहीत, पण आपण जुळवलेला पाऊच हळूहळू औषधांचं कपाट होतो. कुणाचं डोकं दुखलं की गोळी तिथून, बोट कापलं की पट्टी तिथून, आणि परत कुणी ठेवत नाही. मी रोजच्या पट्ट्या आणि गोळ्या वेगळ्या डब्यात काढल्या, तेव्हा कुठे पाऊच शाबूत राहू लागला. दुसरा त्रास एक्स्पायरीचा. स्ट्रिप कापून घेतली की तारीख छापलेला तुकडा नेमका दुकानातच राहतो, म्हणून आणल्याबरोबर तारीख मार्करने लिहायची सवय लावावी लागते. तिसरा असा, की चार गॉज हवे असतात आणि मिळतो तो अख्खा डबा. यावर उपाय म्हणजे दोन-तीन घरांनी मिळून जुळवणं. सामान वाटून जातं आणि यादीही चार डोक्यांतून निघाल्यामुळे नीट होते.

गाडीत ठेवायचं असेल तर मी थोडा नरम पडेन. तिथे मानक छापलेली तयार पेटी बरी, फक्त त्यात गोळ्या ठेवू नयेत. बंद गाडीच्या उष्णतेत औषधं खराब होतात, पट्ट्यांचा गोंदही सुटतो, म्हणून त्या वरचेवर बदलाव्या लागतात. ऑफिससाठीही तयार पेटीच सोयीची, कारण तिथे भरण्याची जबाबदारी कुणा एकाची नसते. आणि आपल्या हातून जुळवणं होणार नाही हे ज्याला आतून माहीत आहे, त्याने सरळ तयार किट आणावं. नसण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

घरासाठी आणि स्वतःच्या पाठीवरच्या सॅकसाठी मात्र माझा कल जुळवण्याकडेच आहे. तयार किट आधीच आणून झालं असेल तर तेही टाकायचं कारण नाही. एक हात पाठीमागे धरून ते उघडून पाहा आणि गॉज बाहेर काढायला किती झटापट होते ते बघा. झटापट झाली तर त्यातले हातमोजे, चिमटा आणि त्रिकोणी बँडेज नव्या पाऊचमध्ये घ्या, त्यावर मोठा गॉज आणि रुंद क्रेप बँडेज ठेवा, आणि उरलेल्या छोट्या पट्ट्या रोजच्या डब्यात टाका.